आबांचं क्लिंगॉन वय

मंगळवार, ९ सप्टेंबर

तक्रार नोंदवून ठेवतो. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, सोसायटीच्या फाटकाशी, वॉचमनने मला 'आजोबा' म्हटलं. "आजोबा, पार्सल आलंय, घेऊन जा." काल संध्याकाळपर्यंत मी काका होतो. मधल्या बारा तासांत नक्की काय घडलं याचा खुलासा झालेला नाही. वय चौपन्न. केस आहेत, आणि त्यातले बरेचसे मूळ रंगाचे. पदोन्नती द्यायची तर निदान पूर्वसूचना असावी, लेखी आदेश असावा. वृत्तपत्राला पत्र लिहिण्याजोगा विषय. पण या महिन्याची दोन पत्रं आधीच गेली आहेत, आणि संपादकांनाही घरदार आहे.

सौ.ला सांगितलं. ती कणीक मळत होती. "त्याची नजर सुधारली म्हणायची."

पार्सलमध्ये आबांच्या स्कूटरची क्लच केबल. म्हणजे आठ दिवसांची शांतता संपली. केबल तुटल्यापासून आबा रिक्षाने मार्केट यार्डात जात होते, आणि परत आल्यावर रिक्षावाल्यांच्या ड्रायव्हिंगवर अर्धा तास बोलत होते. चाळीस वर्षं कांदा-बटाट्याच्या एका आडत्याकडे दिवाणजी होते. ते काम सोडून वीस वर्षं होत आली, तरी रोज सहाला तिथे हजर. चहा घेतात, वजनकाट्यावरून होणारी भांडणं मिटवतात, लागेल त्याच्या दुप्पट भाजी घेऊन येतात. सगळं त्या गिअरच्या जुन्या स्कूटरवरून, जिला चालू होण्याआधी एका कुशीवर झोपवावं लागतं.

लायसन्स महिनाअखेर संपतंय. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. दाखला आणायचं काम माझ्याकडे. म्हणजे तो आणायचा की नाही आणायचा, हे ठरवायचंही माझ्याकडे. थोडक्यात: एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांच्या हातातली किल्ली कोणी काढून घ्यायची? बहीण नागपूरला, ती फोनवर म्हणते, "दादा, तू बघ बाबा." बघतोय.


गुरुवार, ११ सप्टें.

मुक्ताने (कन्या, सव्वीस, खराडीला संगणकात) काम दिलंय. तिचं एक मंडळ आहे, सहा-सात जणांचं. ते क्लिंगॉन शिकतात. क्लिंगॉन म्हणजे एका परदेशी अंतराळ-मालिकेतले योद्धे. त्यांना बोलता यावं म्हणून एका भाषातज्ज्ञाने व्याकरणासकट अख्खी भाषा करून दिली. आता ही मुलं तिची मराठी शब्दयादी करताहेत. 'वय आणि वडीलधारे' हा भाग माझ्या वाट्याला.

"मलाच का?"

"बाबा, तू संस्कृत शिकवतोस. न बोलल्या जाणाऱ्या भाषांची तुला सवय आहे."

हिचं कौतुक आम्हीच केलं लहानपणी.

आधी नाक मुरडलं. मग दोन तास उठलो नाही. माणूस म्हातारा असेल तर एक शब्द, वस्तू जुनी असेल तर दुसरा, आपल्यासारखंच. माणसाला 'कान'. वस्तूला 'ङो'. ङ! आयुष्यभर वर्णमालेत बिचाऱ्याला हजेरीपुरता उभा पाहिला. शब्दाच्या सुरुवातीला बसण्याचा मान त्याला अखेर मिळाला तो परग्रहावर. आणि यांचा ष मूर्धन्य आहे. आमच्या अकरावीच्या वर्गात दोन मुलांना जमतो, इथे सगळ्या योद्ध्यांना जमतो.

मामा वेगळा, काका वेगळा, आत्या-मावशी वेगवेगळ्या. सगळ्यांना एका 'अंकल'च्या गोणीत भरलेलं नाही. सुसंस्कृत लोक दिसतात.

पण तू-तुम्ही नाही. फार मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापदाला शेवटी 'नेष' जोडता येतं, तेही क्वचित. 'कृपया'ला शब्दच नाही. भेटल्यावर पहिलं वाक्य: "काय पाहिजे?" मुक्ता म्हणाली, "पुण्यात दुकान टाकतील सहज."

वयाची गंमत वेगळीच. 'माझं वय इतकं' असं म्हणत नाहीत. 'इतक्या वर्षांमागे मी जन्मलो' असं म्हणतात. हे आवडलं. आपल्याकडे वय 'होतं', बसल्या जागी, सर्दी झाल्यासारखं. त्यांच्याकडे जन्मण्याची जबाबदारी घ्यावी लागते.


शुक्रवार, १२ सप्टें.

केबल बसली. सकाळी पाच पन्नासला खालून किकचे आवाज. सातव्या किकला चालू. सौ. अंथरुणातून: "निघाले."

पावणेनऊला परत. दोन किलो गवार. घरात गवार खाणारे: शून्य.


रविवार, १४ सप्टें.

मुक्ताचं मंडळ आज आमच्याकडे. सौ.ने पोहे केले. सहा तरुण माणसं दिवाणखान्यात बसून घसा खरवडत होती. शेजारच्या जोशीबाईंनी खोकल्याचा काढा हवा का विचारलं.

आबा खुर्ची ओढून मध्ये बसले. गर्दी दिसली की ते बसतात, यार्डाची सवय. एका मुलाने त्यांना समजावलं की या योद्ध्यांमध्ये लढता लढता मरण आलं तर मान, म्हातारपणाने अंथरुणात आलं तर नाही.

आबा: "बरोबर हाय. खाटंवर पडून मरायचं, ते काय मरण हाय व्हय?"

सगळे हसले. मी नाही. माझ्या डोळ्यांसमोर यार्डाच्या वाटेवरचा, ट्रकांनी भरलेला गंगाधाम चौक आला.

मग मुक्ताने त्यांना वय सांगायला शिकवायला घेतलं. आजोबाला 'वावनी' म्हणतात, ती आता त्यांना मधूनमधून तेच म्हणते.

"म्हण वावनी, षोचमाख खुत बेन जिबोघपू. एकोणऐंशी वर्षांमागे मी जन्मलो."

"ऐंशीला काय म्हंत्यात?"

"चोर्घमाख. पण तुला एकोणऐंशी आहेत ना, आबा."

"आन दोनला?"

"चा."

"मंग चोर्घमाख चा."

"आबा, ते ब्याऐंशी झाले."

"ठाव हाय मला. एकोणऐंशी शाळंच्या दाखल्यावर. खरं सांगायचं का दाखल्यावरचं?"

मुक्ताने डोळ्याची पापणी न हलवता ठोकून दिलं: "क्लिंगॉनमध्ये खोटं बोललं तर अपमान होतो, आबा. तलवार काढतात."

"मंग ब्याऐंशी लिव्ह. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी पुरी व्हत्यात." आणि पोह्यांवर लिंबू पिळून घेतलं.

मी चौपन्न वर्षं या माणसाचा मुलगा आहे.


सोमवार, १५ सप्टें.

सकाळी आबांना गाठलं. उन्हात बसून गवार निवडत होते (एकटे).

"आबा, हे ब्याऐंशीचं काय?"

"काय म्हंजे? आई सांगायची. भादव्यातला पोळा झाला, बैलांची शिंगं अजून रंगल्याली, आन दुसऱ्या दिशी सकाळी मी. दरसाली पोळा झाला की म्हनायची, आता तुला इतकी. ती गेल्यावर मी मोजतो. चुकत न्हाई."

"मग दाखल्यावर एक जून?"

"गुर्जींनी घातलं. समद्या वर्गाचा वाढदिवस एक जूनच. वरनं माझी दोन-अडीच वर्सं कमी केली. म्हनले, सरकारी नोकरी लागली तर तेवढी जादा मिळंल."

"आणि?"

"लागलीच न्हाई की. वर्सं तशीच पडून."

भाद्रपद अमावास्येचा दुसरा दिवस म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदा. म्हटलं, "आबा, तुमचा जन्म घटस्थापनेचा!"

"घट-बिट मला म्हाईत न्हाई. पोळ्याचा दुसरा दिवस."

"आम्हाला कधी सांगितलं नाहीत?"

"कुनी इचारलं?"

खरं आहे. एक जूनला केक आणतो, गाणं म्हणतो. चाळीस वर्षं. त्यांनी प्रत्येक वेळी केक खाल्ला.


तोच दिवस, दुपारी

आता लाजिरवाणी बाब. सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाची शांती करायची, ही हौस घरात माझीच. आबा तीन वर्षं "बघू" म्हणताहेत. अधिक मास धरून, पौर्णिमा एकेक मोजून मी तक्ता केला आहे, दोन रंगांत. त्यानुसार हजारावा चंद्र पुढची होळी सोडून त्यापुढच्या होळीला. नातेवाइकांना कळवलंय. सहकारनगरात हॉल बघून ठेवलाय. गुरुजींना मंत्रपाठातल्या दोन चुका आगाऊ सुधारून दिल्यात.

आणि जन्मतारीख कुठली घेतली? शाळेच्या दाखल्यावरची. तिथी, नक्षत्र, अधिक मास यांवर तीस वर्षं बोलणाऱ्या माणसाने आकाशातले चंद्र मोजायला हेडमास्तरांचा शिक्का प्रमाण मानला. असा शास्त्री त्रिभुवनात दुसरा नसावा.

नव्याने मोजलं. हजारावी पौर्णिमा होऊन गेली. गेल्या वर्षीची गुरुपौर्णिमा. गेल्या वर्षीची वही काढून तो दिवस पाहिला. नोंद अशी: "ढग. गॅस संपला. आबांनी फ्लॉवर फार आणला, त्यावरून सौ. व मी."

इतकंच. हजारावा चंद्र, आणि आम्ही फ्लॉवरवर.

सौ.ला सांगितलं. खूप हसली. मग म्हणाली, "पितृपक्ष संपू दे, मग बोलू शांतीचं." थोड्या वेळाने, हात पुसत: "अहो, पण म्हणजे स्कूटरवरून जातात ते ब्याऐंशीचे?"

तोच विचार मी सकाळपासून टाळत होतो. एकोणऐंशीला अजून सत्तरीचा आधार होता.


बुधवार, १७ सप्टें.

आबांना घेऊन डॉक्टरांकडे. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्म्याने अक्षरं वाचली, शेवटची ओळ सोडून. "ती येवढी बारीक पाटी रस्त्यावर कोन लावतंय?"

आबा बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "कागदावर एकोणऐंशी. चालून जाईल. खरं किती?"

सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा सर, गल्लीतल्या गल्लीत जात असते तर प्रश्न नव्हता. तुम्ही एकदा मागे बसून या. काय दिसतं ते मला सांगा, मग सही करायची का ते बघू."

फॉर्म घरी आणला. फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला. मग काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. आबा फ्रिज उघडतात, ड्रॉवर उघडत नाहीत.


शुक्रवार, १९ सप्टें.

यादी जवळजवळ पुरी. 'कुप' म्हणजे वडीलधारा. त्याच्या सख्ख्या शेजारी, घशात आणखी खोलवर उच्चारायचा 'कुप' म्हणजे तरुण असणं. मुक्ताला फरक ऐकू येतो. मला नाही. आबांना दोन्ही जमतात. तंबाखूने तयार झालेला घसा.

मुक्ताला विचारलं, मुलाने वडिलांना 'आता पुरे करा' म्हणायचं झालं तर यांच्यात कसं म्हणतील?

"सरळ. आज्ञार्थी. पुरे कर. संपलं."

"नेष लावून?"

"लाव ना. पण वाक्य तेच राहतं, बाबा."

मग तीच म्हणाली, "आबाला मी सांगू का? मी तू म्हणते त्याला. मला सोपं जाईल."

नको म्हटलं. तिला सोपं जाईल म्हणूनच नको. हे काम तू-वाल्याचं नाही. मी त्यांना जन्मभर अहो-तुम्ही केलं, त्यांच्यापुढे कधी पाय पसरून बसलो नाही. आणि आता पहिलं परखड वाक्य बोलायचं ते हे?


रविवार, २१ सप्टें. सर्वपित्री अमावास्या. पोळा.

सकाळी पितरांचं पान वाढून झालं. लोणीला (काळभोर) बाळूकडे पोळ्याला जायचं होतं. बाळू म्हणजे माझा चुलतभाऊ. आबांच्या वाट्याची जमीन तोच कसतो. मी म्हटलं, कॅब करू.

"गाडी हाय की."

डॉक्टरांचं वाक्य आठवलं. मागे बसलो. चौपन्न वर्षांचा इसम, वडिलांच्या मागे, मांडीवर पुरणपोळीचा डबा, डोक्यावर मुक्ताचं गुलाबी हेल्मेट. वॉचमन बघत होता. यानंतर तो मला काय म्हणेल ते म्हणो.

खरं लिहितो: मजा आली. फार वर्षांनी त्यांच्या पाठीमागे बसलो. शर्टाला अजून तोच वास. गोणपाट, तंबाखू, साबण. पाचवीत असताना स्कॉलरशिपच्या परीक्षेला असंच नेलं होतं. ताशी तीस. गिअर असा टाकतात की कळत नाही. हडपसरच्या गर्दीत रिक्षा, बस, उसाचे ट्रॅक्टर, सगळ्यांतून दोऱ्यासारखे निघाले. मध्येच मान अर्धी वळवून, "घट धर रं, डबा हिंदकळंल." मी मनात फॉर्मवर सही करून टाकली होती.

पुढे सोलापूर रोडला लागल्यावर, चांगला मोकळा रस्ता, आणि आबांनी अचानक वेग कमी केला. दुसरा गिअर. पहिला. रस्त्याच्या मधोमध जवळजवळ थांबले, डावा पाय खाली. पुढे काही नाही. ना सिग्नल, ना माणूस. मागून ट्रकचा हॉर्न, आणि तो आमच्या उजव्या अंगाने वीतभर अंतरावरून गेला. वाऱ्याने स्कूटर हलली. डब्याचं झाकण उडालं.

आबांनी पाय उचलला, गिअर टाकला, निघाले. बरंच पुढे गेल्यावर मला कळलं. तिथे जकात नाका होता. चाळीस वर्षं बाहेर जाणाऱ्या मालाच्या गाड्यांबरोबर ते तिथे पावत्या दाखवायला थांबत. नाका जाऊन किती वर्षं झाली. त्यांच्या हातापायांना कोणी कळवलेलं नाही.

  झाकण मिळालं नाही.

बाळूकडे दोनच बैल उरलेत, आणि ट्रॅक्टर. तिघांनाही ओवाळलं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुंकवाचे हात. बाळू म्हणाला, "आबा, तुमी अजून गाडी चालीवता?" आबा हसले. बैलाच्या शिंगावरून हात फिरवत म्हणाले, "ह्याला इचार, मागं बसला व्हता."

बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झकास चालवतात."

हे मी का म्हटलं, माहीत नाही. येताना तीच जागा आली, पलीकडच्या बाजूने. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबून. ते थांबले नाहीत. माझ्या हातामुळे, की परतीला गाडी रिकामी, नाक्यावर काम नसायचं म्हणून. सांगता येत नाही.


सोमवार, २२ सप्टें. घटस्थापना.

घट बसले. आबांना ओवाळलं, आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या दिवशी. केक नको म्हणाले, "तो जूनमधी आना." दोन्ही वाढदिवस चालू ठेवण्याचा विचार दिसतो. सौ.ने शेवयांची खीर केली. मुक्ताने रजा घेतली होती. तिने आजोबांना समोर उभं केलं आणि मोबाइल धरला. आबांनी टोपी नीट केली, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "चोर्घमाख चा बेन जिबोघपू." खणखणीत. मंडळात पाठवलं. सगळ्यांचं एकमत की उच्चारात आबा पहिले. आबा: "बक्षीस काय हाय?"

शांतीचं विचारलं. हजार होऊन गेले, आता करायची का?

"चंद्रांनी कुठं तक्रार केली?" आणि खीर आणखी मागितली.

चांगला दिवस गेला. घर भरलेलं होतं. यादी आज मुक्ताला देऊन टाकली. पहिल्या 'कुप'पुढे अर्थ लिहिताना पेन्सिलीने तीन वेळा खोडलं आणि शेवटी नुसतं 'वडीलधारा' ठेवलं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन: "बसलात का मागे?" बसलो, म्हटलं. "मग?" उद्या येतो, म्हटलं.

लायसन्सला आठ दिवस आहेत. ट्रकचं कोणाला सांगितलेलं नाही, सौ.लाही. सांगितलं तर निर्णय आपोआप होईल. ती त्यांच्याशी बोलेल, नाहीतर बहीण फोनवर रडेल. मी सुटेन. म्हणूनच सांगत नाही, की त्यांना वाचवतोय म्हणून सांगत नाही, हे मला या वहीतही नीट लिहिता येत नाहीये.

ते पडतील याची भीती वाटते. रोज सहा ते पावणेनऊ वाटते. पण खरी काळजी ती नाही. ते भांडतील, यार्डात माझी बदनामी करतील, चार दिवस जेवणार नाहीत. ते मी सोसेन. काळजी ही आहे की मी किल्ली मागेन, आणि आबा काही न बोलता खिशातून काढून माझ्या हातावर ठेवतील.